जानेवारीतला केदारकंठा: मळलेली वाट जास्त जपून चाला

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठा शिखराची चौकशी केली की ‘सोपा आहे हो’ हे हमखास ऐकायला मिळतं. उंची ३,८१० मीटर म्हणजे साधारण साडेबारा हजार फूट, वाट ठळक, जंगल सुंदर, आणि भर हिवाळ्यातही चालू असणारा ट्रेक. हे सगळं खरं आहे. पण जानेवारीच्या उत्तरार्धात तिथे जाऊन आल्यावर माझं ठाम मत झालंय की इथला मोठा धोका या सोपेपणातूनच तयार होतो. एकाच वाटेवरून रोज माणसांच्या रांगा जातात. ताजा बर्फ बुटांखाली दाबला जातो, दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो, रात्री गोठतो. बर्फ न पडता असे चार-पाच दिवस गेले की मळलेल्या वाटेची पार काच झालेली असते. बाजूचा गुडघाभर भुसभुशीत बर्फ बघून भीती वाटते, पण तिथे पाय रुततो. घसरतो तो वाटेवर.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावाला पोहोचायचं म्हणजे देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड करत सुमारे २०० किलोमीटरचा घाटरस्ता. अख्खा दिवस जातो. हिवाळ्यात सावलीतल्या वळणांवर सकाळी दव गोठलेलं असतं, त्यामुळे चालकाला घाई करायला लावू नका. हे अंतर लक्षात ठेवायचं आणखी एक कारण आहे. वर कुणाचा पाय मोडला तर मोठं इस्पितळ याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पहिला घट्ट बर्फ आम्हाला शिखराजवळ भेटला नाही, तो जुडा का तालाब या वाटेवरच्या तळ्याच्याही खाली, जंगलातच भेटला. एक छोटा ओहळ वाटेवरून वाहतो, तो रात्री गोठला होता. चारेक पावलांचाच पट्टा, पण त्यातून खालची दगडमाती स्पष्ट दिसत होती, म्हणजे नुसतं बघून तिथे बर्फ आहे हे कळतच नव्हतं. आमच्या गाइडने आधी काठीचं टोक आपटून बघितलं. खणखणीत आवाज आला तसं त्याने वाटेकडेची माती आणि पाइनच्या वाळक्या काड्या ओंजळीने उचलून त्यावर पसरल्या आणि मगच एकेकाला सोडलं. मागून आलेल्या एका गटाला ‘जरा थांबा, खाली बर्फ आहे’ असं सांगेपर्यंत त्यांच्यातली पुढची मुलगी धाडकन बसली. माकडहाडावर आपटली, सुदैवाने उठून चालू लागली. जंगलात असे पट्टे कुठे असणार ते ओळखायला शिका: उत्तरेकडचे उतार, जिथे ऊन पोहोचत नाही ती वळणं, पाणी ओलांडायच्या जागा, झाडांखालचा गडद भाग. रंग राखाडी, निळसर किंवा ओलसर चकचकीत असेल तर तो बर्फ कडक आहे असंच धरून चाला. आणि शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा थर आलेला बर्फ सगळ्यात निसरडा. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यामानाने पाय धरतो.

स्पाइक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ट्रेकभर सगळ्यात जास्त घोळ याच गोष्टीचा पाहिला. इथे मिळतात ते मायक्रोस्पाइक्स: रबराचा पट्टा बुटावर ओढून बसवायचा, तळव्याखाली साखळ्या आणि साधारण सेंटिमीटरभर लांबीचे दात. मळलेल्या, मध्यम चढ-उताराच्या वाटेसाठी ते उत्तम आहेत. क्रॅम्पॉन हा वेगळा प्रकार. त्याला लांब दात असतात, ताठ तळव्याचे बूट लागतात आणि वापरायचं शिक्षण लागतं. उभ्या, कडक उतारावर मायक्रोस्पाइक्स बुटावरून सरकतात, म्हणून ते घातलेत एवढ्या भरवशावर वाट सोडून तिरप्या उतारावर फोटोसाठी जाऊ नका.

भाड्याने घेताना सांकरीतच, आपल्या स्वतःच्या बुटांवर, हातमोजे घालून ते चढवून बघा. अंधारात, उणे तापमानात तुम्हाला हेच करायचं आहे. रबराला साखळीच्या कड्यांजवळ चीर आहे का ते ताणून तपासा, कारण थंडीत रबर तिथूनच तुटतं. दात बोथट झालेले असतील तर बदलून मागा. साखळ्या पिळलेल्या नकोत. जवळ थोडी मजबूत दोरी ठेवा, तुटलेला पट्टा बांधून खाली येता येतं. सगळ्यात महत्त्वाचं, घसरायला लागल्यावर स्पाइक्स घालायचे नसतात. पुढे बर्फाळ वळण दिसलं की सपाट जागा बघून आधीच थांबायचं. आमच्या पुढचा एक गट ऐन उतारावर एका पायावर उभा राहून ते चढवत होता. असं बघून अंगावर काटा येतो. चालताना ओला बर्फ दातांत साचून गोळा होतो आणि मग दात जमिनीला लागतच नाहीत. दर काही पावलांनी काठीने बूट झटका.

आता चालायची पद्धत. पावलं छोटी, पूर्ण तळवा सपाट, म्हणजे सगळे दात एकदम रुततात. टाचेवर किंवा चवड्यावर भार दिला की निम्मे दात हवेत. उतरताना गुडघे किंचित वाकलेले आणि अंग थोडं पुढे. भीतीने आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की पाय पुढे निसटलाच म्हणून समजा. सह्याद्रीत घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, उतरायची सवय असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. घसाऱ्यावर आपण टाच रोवत उतरतो. मऊ बर्फात हीच सवय फार उपयोगी पडते, जोरात टाच रोवा, पायरी तयार होते. पण कडक बर्फात टाच रुतत नाही, तिथे सपाट पाऊलच टाकायचं. बुटांच्या तळव्यावरचा विश्वासही घरी ठेवून या. खडकाला चिकटणारं रबर बर्फापुढे काहीच करू शकत नाही.

दोन माणसांत चार-पाच पावलांचं अंतर हवं. वरचा घसरला की खालच्याला घेऊन जातो. रांग अडली म्हणून मागून ढकलाढकली करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत थांबवा, यात संकोच नको.

जुडा का तालाब हिवाळ्यात गोठतो आणि सगळ्यांना त्यावर उभं राहून फोटो काढायचा असतो. एका माणसाचं वजन पेलायला स्वच्छ, घट्ट बर्फाचा थर किमान दहा सेंटिमीटर लागतो. पांढरा, हवा अडकलेला बर्फ त्याच्या निम्माच भक्कम. वरून बघून जाडी कळत नाही, काठाजवळ आणि पाणी आत येतं तिथे थर पातळ असतो, आणि सबंध गट एका जागी जमला की हिशेबच बदलतो. फोटो काठावरून काढा, तळं तिथूनही तितकंच सुंदर दिसतं.

शिखराचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांकरी सुमारे १,९५० मीटरवर आहे, म्हणजे तिथे शून्य असेल तर शिखरावर वारा नसतानाही उणे बाराच्या आसपास. तरीही निघताना थोडी थंडी वाजू द्या. सगळे थर चढवून निघालात तर अर्ध्या तासात घाम येतो, आणि पहिल्या थांब्यावर तोच घाम अंग गारठवतो. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स अजिबात नको. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. डोक्याला लावायच्या विजेरीची जादा बॅटरी आणि फोन अंगाजवळच्या खिशात. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

सूर्य वर आला की लगेच गडद गॉगल लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो. डोळे जळजळायला लागतात ते काही तासांनी, तंबूत परतल्यावर, तेव्हा उपाय हातात राहिलेला नसतो. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही.

माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग ही शिखरं दिसतात आणि पाय निघत नाही. पण उतरायची वेळ निघण्याआधीच ठरवून ठेवा आणि ती पाळा, शिखर गाठलेलं असो वा नसो. ऊन चढलं की वरचा थर पाणी सोडतो आणि तोच उतार सकाळपेक्षा निसरडा होतो. दमलेले पाय, सैल पडलेलं लक्ष आणि ओला बर्फ हे सगळं उतरतानाच एकत्र येतं.

उतरताना बसून घसरत जाणारे खूप दिसतील. मजा वाटते, हे समजू शकतो, पण स्पाइक्स घालून कधीही घसरू नका. वेगात एक दात बर्फात अडकला की घोटा मोडतो. खालचा उतार कुठे संपतो हे दिसत नसेल तर स्पाइक्स काढूनही नाही. शिवाय तुम्ही घासून गुळगुळीत केलेल्या त्याच पट्ट्यावरून मागच्यांना पायी उतरायचं असतं.

चालताना पडून घसरायला लागलात तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच जे करायचं ते करा. पोटावर वळा, पाय उताराच्या दिशेला, हात आणि बुटांची टोकं दाबून अंगाची कमान वर उचला. पूर्ण अंगाने पालथं पडून राहिलात तर जाकीट सर्रकन घसरतं. पायात क्रॅम्पॉन असतील तर मात्र पाय वर उचलून गुडघे टेकवा. हे खाली मऊ, सुरक्षित उतारावर दोन-चारदा करून बघा.

थंडीची लक्षणं एकमेकांत शोधा, कारण ज्याला त्रास होतो त्याला तो कळत नाही. बोलणं अडखळतंय, चेन लावता येत नाही, पाय लटपटताहेत, माणूस गप्प गप्प झालाय: लगेच वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे द्या, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय पाजा. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि सुस्ती आली तर ती गंभीर अवस्था आहे. जून २०२४ मध्ये याच उत्तरकाशी भागात सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात नऊ ट्रेकर दगावले, तेही उन्हाळ्यात. बधिर, पांढरी पडलेली बोटं चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. काखेत धरून ऊब द्या, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ती वितळवायची घाई करू नका. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणं दिसलं तर तो विरळ हवेचा त्रास समजून खाली उतरायचं.

वर फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशयंत्र भारतात बाळगता येत नाही, म्हणून ‘अमुक वेळेपर्यंत परत आलो नाही तर शोधा’ हे सांकरीत कुणाला तरी सांगून निघा. रेंज असेल तिथे आपत्कालीन क्रमांक ११२.

आणि तारखा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, आला की एक-दोन दिवस बर्फ पडतो. त्यानंतरचे २४ ते ४८ तास ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाची भीती सर्वाधिक असते. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात जिल्हावार इशारे देते, त्यात उत्तरकाशीसाठी काय इशारा आहे ते बघूनच वर निघा. गाइड थांबा म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याला थांबा म्हणता यावं यासाठी परतीचं तिकीट एक-दोन दिवस पुढचंच काढा. पुढच्या सकाळची गाडी ठरलेली असली की सगळा गट नको त्या दिवशी शिखराकडे निघतो.