आखाजी ते कानबाई: सिंथ काढले चौदा, ठेवले दोन

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गाण्याची चाल बांधून होईल. आखाजी होऊन गेली, झोके उतरवले, आंबेही संपले. आता घरात श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांच्या गव्हाची बोलणी चालू आहेत आणि माझं गाणं पहिल्या कडव्यातच आहे. एवढं मात्र झालं की सिंथचा, म्हणजे संगणकात आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्यांचा, घोळ मिटला. ही नोंद त्याचीच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आजीने म्हटलेलं आखाजीचं एक अहिराणी झोक्याचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. त्याच्या मागे मला लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेट हवाय. खरा वाजवणारा गाठायला गेलो तर लग्नसराई, तारखा सगळ्या बुक. म्हणून प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा सिंथ.

तेव्हा माझ्याकडे चौदा सिंथ होते. त्यातले निम्मे एका मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेले, म्हणजे कसे ते सांगायला नको. त्या पेनड्राइव्हने शेवटी लॅपटॉप फॉरमॅट करायला लावला, तेव्हा ते सगळे एका रात्रीत गेले. वाईट वाटलं ते दोनच दिवस. चौदांपैकी एकाचाही फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) मला नीट कळला नव्हता. प्रीसेट (आधीच बनवलेले आवाज) फिरवायचे, 'वा' म्हणायचं, पुढचा प्रीसेट. पुन्हा बसवताना ठरवलं की रिकाम्या पॅचवरून, म्हणजे शून्यापासून, क्लॅरोनेट बनवून बघायचा. जो साथ देईल तो राहील, बाकीच्यांना राम राम.

क्लॅरोनेटच का? एक तर गाण्याला तोच हवा. दुसरं म्हणजे परीक्षा म्हणून तो फार चांगला. त्याची नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून खालच्या सुरांत विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) जोरात असतात: पहिला, तिसरा, पाचवा. चौकोनी लहरीतही नेमके विषमच असतात. म्हणजे सुरुवात फुकटात मिळते, आणि कोणता सिंथ किती पाण्यात आहे ते पुढच्या दहा पायऱ्यांत कळतं.

डेक्स्डपासून सुरुवात केली. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथची ही फुकट प्रतिकृती: सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग), बत्तीस अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या पद्धती), आणि पडदा बघून पहिल्यांदा वीजमंडळाच्या फ्यूजपेटीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. पण काम सोपं निघालं. अल्गोरिदम १ घेतला, ऑपरेटर ३ ते ६ बंद केले. १ हा कॅरियर (जो ऐकू येतो), २ हा मॉड्युलेटर (जो त्याला हलवतो), आणि २ चं वारंवारतेचं गुणोत्तर १ च्या दुप्पट ठेवलं. एकास दोन या प्रमाणात फक्त विषम हार्मोनिक्स निघतात. गणित करून बघा, मजा येते. मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) जोडली की हलकी पट्टी दाबल्यावर सूर मऊ, जोरात दाबल्यावर धारदार. खरा वाजवणाराही जोरात फुंकला की सूर असाच उघडतो. पंधरा मिनिटांत नव्वद टक्के काम झालं आणि मी खूश.

उरलेल्या दहा टक्क्यांनी घात केला. फुंकर नव्हती. डेक्स्डमध्ये फुसफुस हवी तर सहाव्या ऑपरेटरचा फीडबॅक ताणावा लागतो, आणि जो आवाज येतो तो श्वासासारखा नाही, चाळणीतून वाळू पडल्यासारखा.

मग व्हायटल. मॅट टायटेलचा हा वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लहरींच्या तक्त्यातून सूर काढणारा) २०२० मध्ये आला. फुकट आवृत्तीत प्रीसेट कमी, इंजिन तेच. एका जुन्या लग्नाच्या रेकॉर्डिंगमधला क्लॅरोनेटचा एक लांब सूर कापून त्यात टाकला, त्याने वेव्हटेबल करून दिलं. पहिला सूर ऐकून अंगावर काटा आला. पाचव्या सुराला कळलं की मागचा ढोलही त्या टेबलात शिरलाय. दर सुराला पोटातून 'धुम्' येत होतं. पण व्हायटल बाद झाला तो ढोलामुळे नाही, उन्हामुळे. माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. मे महिन्यात बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आत किती ते बघायची हिंमत झाली नाही. लॅपटॉप तापला की प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो, आणि व्हायटलच्या त्या नाचणाऱ्या लहरींची चित्रं काढायलाही ताकद लागते. २५६ सॅम्पलच्या बफरवर (आवाज वाजण्याआधी जमवायची जागा) कडकड, ५१२ वरही अधूनमधून. १०२४ केलं तर पट्टी दाबल्यावर सूर २३ मिलिसेकंदांनी. तेवढ्यात बोटं गोंधळतात. कूलर लावावा तर तो माइकमध्ये.

(डीव्हा नावाच्या विकतच्या सिंथचा डेमोही याच दिवसांत लावून पाहिला. आवाज म्हणजे लोणी. पण त्याच्या सर्वांत वरच्या 'डिव्हाइन' दर्जात चार सुरांची एक कॉर्ड धरली आणि लॅपटॉपने हात टेकले. हिवाळ्यात बघू, पैसे असले तर.)

शेवटी लॅपटॉप उचलून आजीच्या गावी गेलो, पारोळ्याकडे. तिचं घर धाब्याचं. मातीचं छत, जाड भिंती, दुपारीही आत पाय गार. तिथे तोच लॅपटॉप २५६ वर गुमान चालला. प्लगइन निवडताना लोक रॅम बघतात, छत कुणी बघत नाही!

सर्ज एक्सटी हा सिंथ त्या घरात जमला. पूर्वी विकतचा होता, २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, तेव्हापासून फुकट. दिसायला रूक्ष. क्लासिक ऑसिलेटरचा (मूळ लहर काढणारा भाग) शेप पूर्ण डावीकडे, विड्थ (लहरीची रुंदी) ५०, म्हणजे चौकोनी लहर. मिक्सरमध्ये नॉइज वेगळा असतो, तो जेमतेम ऐकू येईल एवढा उघडला: ही फुंकर. वरच्या सुरांत खऱ्या क्लॅरोनेटमध्ये सम हार्मोनिक्सही डोकावतात, म्हणून कीट्रॅक विड्थला जोडला; पट्टी वर जाईल तशी विड्थ ५० वरून थोडी सरकते. प्ले मोड 'मोनो एसटी + एफपी': बोट न उचलता पुढची पट्टी दाबली तरच सूर घसरत जातो, उचलून दाबली तर नवा सुटा सूर. बँडवाल्याची मींड अशीच लागते. पिचबेंडचं चाक मी दोन महिने उगाच झिजवलं.

तरी आजीच्या आवाजाशी काहीतरी खटकत होतं. ती गंधारावर थांबते आणि क्लॅरोनेट तिच्या किंचित वर. पट्टीचा गंधार ४०० सेंटवर (अख्ख्या सप्तकाचे १२०० सेंट), ५/४ चा शुद्ध गंधार ३८६ वर, आणि आजी त्या ३८६ च्या आसपास. म्हणून स्काला फाइल, म्हणजे कोणता स्वर नेमका कुठे लावायचा ते सिंथला सांगणारी, लिहायला घेतली. साधी मजकुराची फाइल: वर नाव, मग स्वरांची संख्या, मग एकेका ओळीत गुणोत्तर. मी शहाणपणाने पहिल्या ओळीत १/१ लिहिलं आणि संख्या १३ केली. त्यात सुरुवातीचा सा लिहायचाच नसतो, तो गृहीत असतो. झालं असं की सा आणि त्याच्या पुढची पट्टी एकच बोलू लागली आणि वरचा सा एक पट्टी पुढे सरकला. तासभर मी लॅपटॉपला शिव्या दिल्या. ती ओळ काढली, संख्या १२ केली, शेवटी २/१ ठेवलं. आजीचा सा काळी चारवर, म्हणजे मिडी (संगणकाला पट्ट्या कळवायची भाषा) क्रमांक ५६. त्यासाठी कोणत्या पट्टीवर सा ते सांगणारी मॅपिंगची दुसरी छोटी फाइल लागते. व्हायटलही या फाइली घेतो, तेव्हा हा गुण एकट्या सर्जचा नाही. पण तोवर माझा हात सर्जवर बसला होता.

तर ठेवले दोन. लीडला (मुख्य सुरावटीला) सर्ज. डेक्स्ड घुंगरू, टाळ असल्या धातूच्या आवाजांना, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. व्हायटलला काढलेलं नाही, थंडीपर्यंत बाजूला बसवलंय.

परवा पहिलं कडवं आजीला हेडफोनवर ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, आणि हेडफोन काढून म्हणाली, "येले दम नही लागस का?" (याला दम लागत नाही का?)

खरंच की. माझा क्लॅरोनेट अख्खं कडवं एका श्वासात वाजवत होता. कोणत्या प्लगइनमध्ये याचं बटण आहे हे शोधायला निघालो होतो, मग स्वतःच तोंडाने चाल फुंकत बसलो आणि जिथे मला दम लागला तिथे मिडीचे सूर कापले. पहिल्या कडव्यात सहा जागा निघाल्या. दुसऱ्या कडव्यात आजी मध्येच खोकली आहे, तिथे एक आयतीच मिळाली.