मैत्रिणीचं लग्न, दुसरा देश आणि मागे राहिलेली बॅग

शाळेपासूनची मैत्रीण, लग्न पार दुसऱ्या देशात, आणि तिचा मेसेज आल्या आल्या मी येतेय म्हणून कळवून पण टाकलं. नंतर शांतपणे बसले तेव्हा लक्षात आलं की फिरायला जाताना एखादा दिवस पुढेमागे झाला तर चालतं पण लग्न काही माझ्यासाठी थांबणार नाही, त्यामुळे लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजत सगळं ठरवलं.

सगळ्यात आधी पासपोर्ट काढून बघितला, कारण बऱ्याच देशांना तो अजून सहा महिने तरी चालणारा लागतो. व्हिसाच्या फाइलला मैत्रिणीचं आमंत्रणाचं पत्र, लग्नपत्रिका, ऑफिसचं रजेचं पत्र असं सगळं जोडलं. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही, कंटाळवाणं काम आहे, झालं.

डोकं खाल्लं ते तिकिटाने. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून घेतली तर बरंच स्वस्त पडत होतं, पण पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं, त्यांच्या हिशोबी तुम्ही आलाच नाहीत, आणि त्याच तिकिटावर परतीचं असेल तर बहुतेक वेळा तेही कॅन्सल. एकाच बुकिंगवर असलं की पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी. जास्त पैसे गेले पण मी एकच बुकिंग घेतलं आणि लग्नाला जाणाऱ्या कोणालाही हेच सांगेन.

आणि झालंही तसंच, पहिलं विमान उशिरा सुटलं, मधल्या एअरपोर्टवर अक्षरशः पळत गेट गाठलं. मी पोहोचले, बॅग नाही पोहोचली. बेल्ट फिरून फिरून थांबला, माझ्यासारखे आणखी दोघंतिघं उभे होते तोंडं पाडून. अशा वेळी बाहेर पडायचं नाही, आधी तिथल्याच बॅगेज काउंटरवर रिपोर्ट करायचा आणि त्याचा नंबर घ्यायचा. चेक-इनला मिळालेल्या स्टिकरवर बॅगेचा दहा आकडी नंबर असतो, त्यावरून शोधतात. मोबाईलमध्ये बॅगेचा फोटो होता तोही दाखवला, कारण काळी बॅग म्हटलं की काउंटरवरचा माणूस नुसता बघत राहतो.

काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, लागणाऱ्या वस्तू घ्या, पावत्या जपून ठेवा. १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे, तो लागू असलेल्या प्रवासात बॅग उशिरा आली तर भरपाई मागता येते, पण बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. मी नंतर वाट न बघता लगेच मेल केला.

आईने निघताना दहा वेळा बजावलं होतं, लग्नाचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेव गं. ठेवले होते म्हणून वाचले. सँडल मात्र मोठ्या बॅगेत, आणि माझ्या मापाचं बरं काही मिळेना, मग कपडे लग्नाचे आणि पायात प्रवासातले स्पोर्ट्स शूज. मैत्रीण म्हणाली अगं तुझ्या पायांकडे कोण बघतंय, आणि फोटो आले तेव्हा सगळ्यात आधी तीच हसली.

प्रवास पूर्वेकडे होता, त्या दिशेला जेट लॅग जास्त छळतो असं म्हणतात ते पटलं, लग्नाच्या आदल्या रात्री तीनला टक्क जागी. बघते तर तीही ऑनलाइन, झोप येत नव्हती तिला. हॉटेलच्या पायऱ्यांवर उजाडेपर्यंत गप्पा मारल्या, तिच्या सासरच्यांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळं. आमच्या दोघींच्या वाट्याला आलेला वेळ तेवढाच, कारण लग्नाच्या दिवशी नवरीला भेटायचं म्हणजे रांगेत उभं राहून फोटो काढणं. ऐन दिवशी पोहोचले असते तर तोही मिळाला नसता.

बॅग आली लग्न उरकल्यावर. पावत्या लावून क्लेम टाकला, दोनतीनदा मागे लागावं लागलं, पैसे आले.