माळ्यावरचा पेजर

नौपाड्यातल्या घराचा माळा आज आवरताना बाबांचा पेजर, म्हणजे फक्त आलेला छोटा निरोप पडद्यावर दाखवणारे खिशातले यंत्र, सापडला. काडेपेटीहून थोडा मोठा, पट्ट्याला अडकवायची क्लिप तुटलेली आणि आतला पेन्सिल सेल गळून पांढरा पडलेला. १९९५ साली भारतात ही सेवा सुरू झाली तेव्हा मोबाइलवर येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत, त्यामुळे मध्यमवर्गाला परवडणारा थाट म्हणजे पेजरच होता. निरोप मात्र आधी ऑपरेटरला फोनवर सांगावा लागे, तो रोमन अक्षरांत टाइप करी, आणि ज्याला मिळे त्याला उत्तरासाठी पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचे सार्वजनिक बूथ, शोधावा लागे. एका पाडव्याला आईने ‘चक्का आणा’ असे सांगितले, पडद्यावर ‘चिक्की आणा’ उमटले, आणि बाबा गोखले रोडवरून अर्धा किलो शेंगदाण्याची चिक्की घेऊन अगदी वेळेवर घरी पोहोचले. (श्रीखंड त्या वर्षी झालेच नाही.) २००३ च्या मे महिन्यात मोबाइलवरचे इनकमिंग फुकट झाले, पण तोवर पेजर कधीच ड्रॉवरमध्ये गेला होता. मी तो भंगारच्या पिशवीत टाकला. बाबांनी काही न बोलता काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि खिशात ठेवला.