सगळा डोलारा एका नोंदीवर

बिझनेसमधल्या आयटी सिस्टीम म्हटलं की लोक आधी डॅशबोर्ड दाखवतात, रंगीत ग्राफ वगैरे, पण मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो खाली गुपचूप राबणाऱ्या ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टीमचा. एक ऑर्डर आली की स्टॉकमधून नग कमी व्हायला हवा, बिल बनायला हवं, पेमेंटची नोंद पडायला हवी आणि मधेच सर्व्हर बंद पडला तरी अर्धवट काही राहता कामा नये, एकतर सगळं होणार नाहीतर सगळं पूर्ववत. केवढं मोठं काम आहे हे! डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शनवरच्या संशोधनासाठी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणक क्षेत्रातला सर्वोच्च मान, मिळाला तो उगाच नाही.

याच नोंदी गोळा करून एमआयएस, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम, मॅनेजरला महिन्याचा रिपोर्ट देतं, आणि डिसिजन सपोर्ट सिस्टीममध्ये 'भाव थोडा वाढवला तर काय होईल' असं करून बघता येतं. सीआरएम (कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट) म्हणजे ग्राहकाचा सगळा इतिहास एका जागी.

ईआरपीची (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) गोष्ट वेगळी, तिथे अकाउंट्स, खरेदी, स्टोअर, पगार सगळे एकाच डेटाबेसवर. आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरनी १९७२ साली जर्मनीत एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली ती याच दिशेने. पण मी स्वतः पाहिलंय, एकच ग्राहक तीन वेगळ्या स्पेलिंगने तीनदा भरलेला, उधारी तिघांत वाटली गेलेली, त्यामुळे क्रेडिट लिमिट ओलांडली तरी सिस्टीम गप्प. म्हणून नवीन सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी मास्टर डेटा, म्हणजे ग्राहक, माल वगैरेंच्या मूळ नोंदी, साफ करा, प्लीज.