ओसाकातली जुनी उधारी

टोकियोचे चार दिवस मजेत गेले. क्योतोला फुशिमी इनारीच्या लाल कमानींखाली गर्दी एवढी की नवरात्रातलं तुळजापूर आठवलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायची इच्छा नाही. ही पोस्ट ओसाकातल्या एका दुपारची आहे. त्या दुपारवरून बायको अजून मला ऐकवते.

झालं असं, की सगळे दोतोनबोरीला ग्लिको कंपनीच्या पळणाऱ्या माणसाच्या जाहिरातीखाली फोटो काढत असताना मी तिला मिदोसुजी लाइनच्या लाल पट्ट्याच्या मेट्रोत बसवलं आणि उत्तरेला नेलं. नाकात्सूनंतर गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि चक्क हमरस्त्याच्या मधोमध धावते. शिन-ओसाका गेलं. त्यापुढचं दुसरं स्टेशन एसाका. उतरलो. ऑफिसांच्या इमारती, पार्क केलेल्या सायकली, जेवणाच्या सुट्टीवरून परतणारे पांढरे शर्ट. संपलं एसाका.

"इथे काय आहे?" तिने विचारलं.

"इथे एसएनके होती, ती गेम बनवणारी कंपनी."

"आता कुठे आहे?"

"शिन-ओसाकाला."

"म्हणजे आपण आत्ता जे स्टेशन मागे टाकलं, ते?"

तिचं बरोबर होतं. पण मला आजची कंपनी बघायचीच नव्हती. मला ती बघायची होती जिने माझं साताऱ्यातलं अर्धं बालपण खाल्लं.

राजवाड्यामागच्या बोळात एका सायकल दुकानाच्या आतल्या खोलीत दोन मशिनी होत्या. एकीवर मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा डायनासोरवाला गेम. दुसरीवर 'किंग ऑफ फायटर्स ९७', आमच्या भाषेत नुसतं 'सत्त्याण्णव'. रुपयाला एक कॉइन. ही मशीन सुरू केली की पडद्यावर एसएनकेच्या यंत्राचं निओ-जिओ हे नाव यायचं आणि खाली 'मॅक्स ३३० मेगा'. कसले मेगा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ३३० म्हणजे कमी नसणार एवढं कळत होतं. बाबांनी मला तिथून दोनदा कान धरून बाहेर काढलंय. दुसऱ्यांदा तर शेवटच्या शत्रूपर्यंत, ओरोचीपर्यंत, पोचलो होतो. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

हे सगळं एसाकाच्या फुटपाथवर बायकोला सांगितलं आणि वर कंपनीचं पुराणही लावलं. १९७८ मध्ये एइकिची कावासाकी यांनी ओसाकात ती काढली. नाव शिन निहोन किकाकू, त्याचं झालं एसएनके. खरा डाव १९९० चा. तोवर नवा गेम आणायचा म्हणजे पार्लरवाल्याला मोठा खर्च. यांनी काय केलं, तर मशीन एकच ठेवायची आणि आतली गेमची कार्ट्रिज बदलायची. मोठ्या मशीनमध्ये सहा-सहा गेम बसायचे. छोट्या दुकानदाराचं गणित इतकं नीट कुणी ओळखलं नसेल. तेच यंत्र घरी न्यायचं तर जपानात ५८,००० येन, म्हणजे ते खेळणं श्रीमंतांच्या पोरांचं. मग 'फेटल फ्युरी', 'सामुराई शोडाउन', १९९४ पासून दरवर्षी नवा 'किंग ऑफ फायटर्स', १९९६ ला 'मेटल स्लग'. प्रत्येक हालचाल हाताने रंगवलेली. आजही ते पाहताना डोळे निवतात.

आणि तिथेच घात झाला, असं माझं मत. जग त्रिमितीकडे आणि घरातल्या प्लेस्टेशनकडे वळलं, पार्लरं रिकामी व्हायला लागली, आणि यांचा जीव त्या जुन्या यंत्रात अडकलेला. १९९७ मध्ये त्रिमितीची मशीन काढली, तिच्यावर सगळे मिळून सात गेम आले. हातात धरायचा निओ-जिओ पॉकेट काढला, तर समोर गेमबॉय. १९९९ मध्ये टोकियोच्या ओदाइबात भलं मोठं मनोरंजन केंद्रही थाटलं. हौसेला मोल नसतं, कर्जाला असतं. २००० मध्ये आरूझ या जुगारी मशिनी बनवणाऱ्या कंपनीने एसएनके ताब्यात घेतली आणि २००१ च्या ऑक्टोबरात दिवाळं वाजलं. कावासाकींनी मात्र प्लेमोअर ही दुसरी कंपनी उभी करून आपल्याच गेमांचे हक्क परत विकत घेतले. आजची एसएनके तीच. आता ती सौदी युवराजांच्या संस्थेच्या मालकीची आहे, आणि २०२५ च्या 'फेटल फ्युरी'त रोनाल्डो, होय, फुटबॉलवाला, मारामारी करतो. यावर मी काही बोलणार नाही.

बायको एवढंच म्हणाली, "भूक लागलीय."

संध्याकाळी शिन्सेकाईत गेलो. त्सूतेनकाकू मनोऱ्याखाली कुशिकात्सूची, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांची दुकानं, आणि शाकाहारी माणसाचे हाल. एका ठिकाणी कांदा, भोपळा आणि कमळकाकडी तळून मिळाली. सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, उष्टी परत नाही, हा नियम मात्र आपल्याकडच्या पाणीपुरीच्या गाड्यांवरही लावावा. बाहेर आलो तर समोर एक जुनाट गेम सेंटर. आत कोपऱ्यात 'सत्त्याण्णव'.

पन्नास येन. मधे भोक असलेलं नाणं, आजीच्या डब्यातल्या भोकाच्या पैशासारखं. ते टाकताना अचानक आठवलं, की साताऱ्यातल्या त्या मशीनचा बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आला होता. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, पेनाने खरडलेली चिठ्ठी होती. मालक अभिमानाने सांगायचा, 'डुप्लिकेट आहे, स्वस्तात मिळाला.' म्हणजे आमच्या शेकडो रुपयांतला एकही एसाकाला पोचला नव्हता. माझं हे पहिलंच इमानदार नाणं.

क्यो, आयोरी, टेरी हे तीन लढवय्ये घेतले. पहिली लढत चालू होते तोच पलीकडून कुणीतरी नाणं टाकलं. जपानात मशिनी पाठीला पाठ लावून असतात, प्रतिस्पर्धी दिसत नाही. साताऱ्यात शेजारी उभं राहून खेळायचो, वेळ पडली तर कोपर मारता यायचं. इथे ती सोय नाही. समोरच्याने घेतला चिन, तो भोपळ्यातून दारू पिणारा म्हातारा, जो आमच्यात कुणी चुकूनही घेत नसे. त्या एका म्हाताऱ्याने माझे तिघेही झोपवले. दुसरं नाणं, तेच. तिसऱ्या वेळी मी एक राउंड जिंकलो आणि लगेच कळलं, की तो सोडलेला होता.

उठून पलीकडे डोकावलो. सत्तरीचे आजोबा, पायाशी बाजाराची पिशवी, पिशवीतून कांद्याची हिरवी पात बाहेर आलेली. ते उठले, जराशी मान झुकवली आणि स्टुलाकडे हात केला. त्यांचा खेळ चालू होता, उरलेला मी खेळावा म्हणून. पिशवी उचलून ते गेलेसुद्धा.

स्टूल अजून कोमट होतं. चिनला कसं चालवायचं हे मला आजतागायत माहीत नाही. कॉम्प्युटरने पहिल्याच लढतीत मला पाडलं. दारात बायको उभी होती. "संपलं?" म्हणाली.

माझ्या खिशात अजून चार भोकाची नाणी होती.