पुण्यात बसून देवमाशाचे घास मोजताना

आजचा अख्खा दिवस कोथरूडमध्ये पंखा बंद करून, हेडफोन लावून स्पर्म व्हेल या देवमाशावर लावलेल्या टॅगचं रेकॉर्डिंग ऐकण्यात गेला. चार सक्शन कपांनी पाठीवर चिकटणाऱ्या या डबीत दोन हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन), दाबमापक, त्वरणमापक आणि चुंबकमापक.

भक्ष्य शोधताना देवमासा सोडतो ते टकटक आवाज, म्हणजे क्लिक, साधारण अर्ध्या ते एका सेकंदाने येतात. भक्ष्य जवळ आलं की दोन क्लिकमधलं अंतर घटत जातं आणि नुसती करकर उरते. ही करकर म्हणजे घास घ्यायचा प्रयत्न. घास मिळालाच असं नाही, हे मोजणारे हमखास विसरतात!

शेजारच्या देवमाशाचे क्लिकही टॅगवर उमटतात. म्हणून दोन हायड्रोफोनांवर आवाज पोचण्यातला फरक बघायचा: टॅगवाल्याच्या आवाजाचा कोन जवळपास स्थिर, परक्याचा फिरता. शिवाय कप घसरला की टॅगची दिशा बदलते आणि प्राणी कुशीवर पोहतोय असं वाटतं. मग श्वासासाठी वर आलेल्या वेळचं वाचन घेऊन दिशा पुन्हा बसवायची. कंटाळवाणं, पण टाळलं तर पुढचं सगळं वाया.

निळ्या देवमाशाला करकर नाहीच. तिथे घास मोजायला वेगाचा आलेख बघा: भक्ष्यावर झेप घेताना चढतो, जबडा उघडताच धाडकन पडतो.