ठाण्याच्या बाल्कनीत मिठ्या पानाची वेल: कांडीपासून विड्यापर्यंतचा माझा अनुभव

पानवेलीला हवा दमट लागते, पण तिचे पाय ओले राहिलेले तिला चालत नाहीत. ठाण्यात पहिली गोष्ट जून ते सप्टेंबर फुकट मिळते, दुसरी मात्र आपल्यालाच सांभाळावी लागते. माझ्या अनुभवात कुंडीतली वेल उन्हाने क्वचितच दगावते. जाते ती मुळाशी साचलेल्या पाण्याने. त्यामुळे खाली जे काही लिहिलं आहे, ते फिरून याच मुद्द्यावर येतं.

आधी जातीचं बघू. आपल्याकडे लग्नकार्यात आणि पूजेला येतं ते बहुतेक कपुरी पान, पातळ आणि चवीला मध्यम. कलकत्ता म्हणून मिळतं ते बांगला गटातलं, जाड, गडद आणि जिभेला चांगलंच झोंबणारं. मिठा पान हा वेगळा गट आहे, मूळ बंगालच्या मिदनापूर भागातला. त्याच्या तेलात बडीशेपेत असतं तेच अॅनेथोल असतं, म्हणून नुसतं पान चावलं तरी बडीशेप खाल्ल्यासारखं वाटतं आणि तिखटपणा मागून येतो. जेवणानंतरच्या गोड विड्यासाठी माझ्या मते याला तोड नाही. मघई बिहारची, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पान अप्रतिम, पण आपल्या बाल्कनीत ती मला हवी तशी फुलवता आलेली नाही.

माजिवडा, घोडबंदर रोड पट्ट्यातल्या नर्सऱ्यांत ‘पानवेल’ म्हणून काहीही हातात पडू शकतं. काळ्या मिरीची वेल दिसायला सख्खी बहीणच, कारण कूळ एकच. म्हणून रोप घेताना एक जुनं पान मागून घ्यायचं आणि बोटांत चुरडायचं. खाऊच्या पानाचा वास लगेच भपकन येतो आणि मिठ्याला बडीशेपेची झाक असते. मिरीच्या पानाला वास जवळजवळ नसतो. वास आला नाही तर रोप कितीही टवटवीत असलं तरी घेऊ नका.

कांडी लावायची असेल तर वर्ष झालेल्या वेलीचा, मधल्या किंवा शेंड्याकडच्या भागाचा तुकडा घ्या. पेर नीट निरखा. ज्या पेरातून बारीक, पांढुरकी, आधार धरणारी मुळं बाहेर आली आहेत ते पेर लवकर रुजतं. चार पेरांची कांडी, पेराच्या अर्धा इंच खाली धारदार ब्लेडने तिरका काप, खालच्या दोन पेरांवरची पानं काढलेली. ही दोन पेरं मातीत आणि दोन वर. कांडी एकाच वेळी तीन-चार लावा, एखादी कुजतेच. वरून पारदर्शक पिशवी सैल बांधून रोज पाच मिनिटं उघडायची. तीन ते चार आठवड्यांत नवीन पान फुटलं की रुजली. ओढून बघायचा मोह टाळा, नवी मुळं तिथेच तुटतात. मी हे काम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत करते. पावसाचा जोर उतरलेला असतो, दमटपणा टिकून असतो आणि ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत मुळं धरलेली असतात.

कुंडी १२ ते १४ इंची, तळाला किमान पाच भोकं. मिश्रण मापाने सांगते: दोन भाग लाल माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू. कोकोपीट दोनदा धुऊन पिळून घ्या, नाहीतर त्यातलं मीठ पानांच्या कडा करपवतं. वर मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखतात मिसळलेली चमचाभर ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर. नुसती लाल माती भरली की दोन पावसांत ती विटेसारखी घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

पानमळ्यात वेल शेवरी, शेवग्यावर चढवतात. बाल्कनीत मी चार फुटी पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तोच खांब कुंडीत रोवते. कांडी लावतानाच रोवायचा, नंतर खुपसला तर मुळं दुखावतात. काथ्या ओलसर ठेवला की पेरातली मुळं त्याला धरतात. तोवर सुती चिंधीने सैल बांधायचं. तार किंवा नायलॉन नको, खोड कापतं.

ऊन सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं पुरे. बाल्कनी पश्चिमेची असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावल्याशिवाय मार्च ते मे काढता येत नाही, पानं पिवळट पडून मधोमध भाजल्यासारखी होतात. उलट फार अंधारात पेरांमधलं अंतर वाढतं, पान मोठं पण पचपचीत निघतं आणि वास उतरतो.

पाण्याचं वेळापत्रक ठरवून चालत नाही. बोट इंचभर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये रोज आणि दुपारी पानांवर फवारा, पावसाळ्यात बऱ्याचदा अजिबात नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात ताटल्या काढूनच टाकते आणि कुंड्या दोन विटांवर चढवते. नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून वापरायचं. घोडबंदरला उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तेव्हा त्यातले क्षार मातीत साठतात आणि पानाची टोकं तपकिरी होऊ लागतात. तेव्हा महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट चांगलं पाणी संथपणे सोडून क्षार धुऊन काढा.

आता मर रोग, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त वेली यानेच जातात. पहिली खूण फसवी असते: पानं माना टाकतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि आपण आणखी घालतो. पाणी घालण्याआधी मातीला लागून असलेलं खोड बघा. तिथे काळपट, पाणथळ पट्टा दिसला, दाबल्यावर साल सुटली आणि कुजका वास आला, तर हा फायटोफ्थोरा बुरशीचा मर. पट्टा दिसल्यावर ती वेल वाचत नाही. वरचा निरोगी भाग लगेच कापून नव्या मातीत कांड्या लावायच्या, जुनी माती टाकून द्यायची आणि कुंडी उन्हात तापवायची. पहिल्या वर्षी माझ्या तीनपैकी दोन वेली जुलैत अशाच गेल्या.

म्हणून मी मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फक्त मातीत ओतते. अर्ध्या लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पानांवर हे कधीच मारू नका, पान आपण कच्चं खातो.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला की साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. फारच झाला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली द्रव साबण, संध्याकाळी. पुढचे दहा दिवस पान खुडू नका.

खताबाबत हात आखडता ठेवा. दीड महिन्याने दोन मुठी गांडूळखत, आणि महिन्यातून एकदा शेंगदाणा पेंडीचं पाणी: १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दहा पट पातळ करून. युरियाने पान तळहाताएवढं होतं खरं, पण लवकर सडतं आणि चवीला गवत लागतं.

वेल खांबाच्या वर गेली की उतरण. हे पानमळ्यातलं काम कुंडीतही तसंच करता येतं. फेब्रुवारीत, आदल्या दिवशी पाणी न देता, खालच्या दोन फुटांतली पानं खुडून वेल खांबावरून अलगद सोडवायची. दुखावली तर खाली वाकवताना मोडते. मोकळा झालेला भाग मातीवर गोल गुंडाळून दोन इंच मातीच्या मिश्रणाने झाकायचा आणि शेंड्याकडचे दोन फूट पुन्हा बांधायचे. दबलेल्या प्रत्येक पेराला मुळं येतात आणि वेल नव्याने जोर धरते. उतरण केली नाही तर वेल वरती जाऊन पानं लहान होत जातात.

खुडणी सहा महिन्यांनंतर. शेंड्यापासूनची सहा-सात पानं सोडून त्याखालची, देठासकट, सकाळी. एका वेलीतून आठवड्याला दोन-तीनच. पावसाळी पान मऊ आणि सौम्य असतं, थंडीच्या शेवटी खुडलेलं जास्त सुगंधी आणि तिखट. ताजं पान फार झोंबत असेल तर ओल्या सुती फडक्यात गुंडाळून तीन दिवस अंधारात ठेवा, धार कमी होते. फ्रिजमध्ये ठेवायचंच तर भाजीच्या कप्प्यात, वर ठेवलं की काळं पडतं.

गुलकंद घरचाच करा, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत बरणी बुरशी धरते. जांभळी नाक्याच्या बाजारात देशी गुलाब विचारून घ्या. सजावटीच्या डच गुलाबाला वास नसतो आणि त्यावर फवारणीचा अंश असू शकतो. २५० ग्रॅम पाकळ्या धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवायच्या, पाण्याचा थेंबही राहता कामा नये. ३०० ग्रॅम कुटलेल्या खडीसाखरेबरोबर काचेच्या बरणीत थर द्यायचे. तोंडाला फडकं बांधून तीन-चार आठवडे रोज ऊन, रोज कोरड्या चमच्याने एकदा ढवळणं. शेवटी दोन वेलदोड्यांची पूड.

विडा लावताना पान धुऊन, पुसून, देठ आणि मधली जाड शीर काढा. मुगाच्या दाण्याएवढा खाण्याचा चुना पसरा, जास्त झाला तर तोंड पोळतं. वर किंचित कात, चमचाभर गुलकंद, भाजलेली बडीशेप, धनाडाळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, खारकेचे बारीक तुकडे आणि चिमूटभर गुंजपाला (गुंजेच्या वेलीची पानं). गुंजपाला काष्ठौषधींच्या दुकानातूनच आणा. गुंजेचं बी जहाल विषारी असतं, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात गुंजेची वेल लावू नये. सुपारी मी घालत नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायचीही सुपारी कर्करोगकारक ठरवली आहे. तिचं कुरकुरीतपण खारीक आणि धनाडाळ बऱ्यापैकी भरून काढतात. गोविंद विड्यासारखा दुमडा, लवंग टोचा आणि लावल्यापासून अर्ध्या तासात खा. त्यानंतर गुलकंदाचं पाणी सुटतं आणि पान मऊ पडतं.